गावपळणीतला फोटो

लवूच्या दोन्ही हातांवर जे फोड आले ते देवचाराने आणले नाहीत. मी आणले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की सत्यवतीने गोष्ट घोळवून सांगितली आणि मुद्द्याचं पोटात ठेवलं. आता माझ्या डाव्या हाताची ही दोन बोटं बघा. टोकं चपटी झालीत, नखं परत आली नाहीत. ही लवूची करणी. लवू माझा सख्खा दीर, माझ्या नवऱ्याच्या पाठचा. शंकर, माझा घोव, पाच वर्षांमागे गेला, आणि तेव्हापासून या माणसाच्या डोळ्यांत माझा कारखाना खुपतोय.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. बोर्डावर नाव मात्र लांबलचक, 'श्री रवळनाथ काजू प्रक्रिया उद्योग', आणि खाली जीएसटीचा पंधरा आकड्या-अक्षरांचा नंबर. सोळा बायका येतात, बी फोडतात, गर सोलतात. त्या सोळा घरांत महिन्याला जे काय शिजतं ते त्या नंबरावर शिजतं, हे मी छाती ठोकून सांगते. म्हापशाचा व्यापारी आधी नंबर विचारतो, मग गर हातात घेतो. नंबर नाही तर पक्कं बिल नाही, बिल नाही तर गाडी शेडच्या दारात लागत नाही. गावाला यातलं काही पटत नाही. शेतकऱ्याकडून बी घेतली की तिच्यावरचा करसुद्धा मीच सरकारात भरायचा, शेतकऱ्याला त्याची तोशीस नाही, असा नियम आहे. हे दहा वेळा समजावलं, तरी बाजारात माझ्यामागून कुजबुज असतेच, "कर म्हणान बायल आमचे पैशे खाता." खातंय हो! त्यावर तर माझे हे पत्र्याचे महाल उभे राहिले!

जागा आम्हा दोघांच्या नावची, लवूची आणि माझी. लवूने शंकरच्या हयातीत कारखान्याला संमतीची सही दिली होती. आता त्याला कोणी गोव्याचा माणूस भेटला होता, खाडीकाठी खोल्या बांधून पर्यटक ठेवायचे म्हणत होता. कारखाना चालू आहे तोवर लवूला शेडला हात लावता येत नव्हता. बंद पडला की झालंच.

आता गावपळण. आमचं खाजणे आचऱ्यापासून खाडीपलीकडे अर्ध्या तासावर. दर चार वर्षांनी देव कौल देतो आणि सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतो. गुरं, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातली पोरं, अंथरुणावरची म्हातारी, सगळी. मागे चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. ते तीन दिवस गाव देवाचा आणि त्याच्या चाकरांचा, म्हणजे देवचाराचा. आत पाय टाकणाऱ्याला तो झोडपतो. मी देव मानत नाही अशातली बाई नव्हे. बोर्डावर नावच त्याचं आहे.

पळणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टेकडीखालच्या झोपड्यांत होतो. मी माशांची कढी ढवळत होते आणि कणकवलीहून अनुजाचा फोन आला. अनुजा माझी विवरणपत्रं भरते. पोरगी हुशार, पण बोलते ती टाइप केल्यासारखी.

"ताई, उद्या अकरा ते एकच्या दरम्यान तुमच्या जागेची तपासणी आहे. खोट्या पत्त्यांवरच्या नोंदण्या शोधायची मोहीम चालू आहे. तुमचं नाव यादीत आलंय."

"अगं, गाव पळणीत आहे. गावात कुत्रं नाही."

"मी विनंती केली होती. उद्या मोहिमेचा शेवटचा दिवस आहे म्हणाले. जागा बंद सापडली, बोर्ड नसला, कोणी भेटलं नाही, तर नोंदणी निलंबित होते. मग एकही बिल काढता येत नाही. ताई, कायद्यात गावपळण नाही हो."

मी तशीच उठले आणि सहदेवकाकांच्या झोपडीत गेले. सहदेवकाका गावकर, देवळाचे पहिले मानकरी. त्यांच्या शब्दाबाहेर आमच्यात पान हलत नाही. लवू तिथेच सुपारी कातरत बसला होता.

काकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "सत्या, सरकार आज आसा, उद्या नाय. देव आसाच आसा. शिवेच्या आत कोण जावचा नाय."

"काका, सोळा बायकांची चूल..."

"चूल देवच पेटयता."

लवू सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाला, "वैनी, जावदे गो. नशिबात आसलो तर नंबर परत गावतलो." इतका गोड बोलला की तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी मात्र कढीकडे परत आले. कढी फाटली होती.

सकाळी आचऱ्याच्या डॉक्टरकडे जाते म्हणून निघाले. ओहोटी होती. खाडी गुडघ्याएवढ्या पाण्यातून पार केली, शिवेच्या दगडापाशी थांबले, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझ्या नावाचो कारखानो आसा, तुझोच आसा. दोन तासांचा काम आसा. मारायचा झाला तर माका मार, त्या बायकांका मारू नको." आणि टाकला पाय आत.

भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं. ज्या पाणंदीतून मी लग्न होऊन आले, तिथे मला माझ्या चपलांच्या आवाजाची भीती वाटली. मी त्या काढून हातात घेतल्या. विहिरीवर रहाट नाही, अंगणात कोंबडी नाही, कुठे पोर रडत नाही. सगळी दारं बाहेरून बंद. अंगणात राहिलेला एक पाटा दिसला तरी दोन पावलं मागे.

आणि मग आवाज आला. ठण्. ठण्. लोखंडावर लोखंड.

पहिल्यांदा मी मटकन खालीच बसले. देवचार म्हटला तो हाच. मग डोक्यात उजेड पडला, की देवचार पहार कशाला वापरील? उठले आणि धावत सुटले.

लवू शिडीवर होता. दाराच्या वर, बोर्डाला पहार लावून तो खिळे उखडत होता. एका बाजूने बोर्ड सुटून लोंबत होता.

"लवू, खाली उतर."

त्याने मागे बघितलं. दचकला नाही, हसला. "वैनी? तू हय काय करतंस? पळण मोडलंस?"

"आणि तू मेल्या? तू काय देवाक फुलां घालूक इलंस?"

"बोर्ड नाय, माणूस नाय, मगे साहेब काय लिवतलो? बोगस. माका बोलूचीय गरज नाय." आणि त्याने परत पहार लावली. "जा परत. तू माका बघूक नाय, मी तुका बघूक नाय."

माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. "तुझ्या तोंडार शिरा पडो, आवशीच्या घोवा!" म्हणून मी शिडी धरली आणि ओढली. तो पाठीवर आपटला, पहार लांब पडली. मला वाटलं मेलाबिला. बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो उठला आणि त्याने मला अशी थोबाडीत मारली की कानात सूं झालं. दुसरी मारायला हात उचलला तेव्हा मी त्या हाताला चावले. रक्ताची चव लागली तरी सोडलं नाही. त्याने केस धरले, माझं डोकं शेडच्या भिंतीवर दोनदा आदळलं. तिसऱ्या वेळी मी खाली वाकून निसटले.

मनात एकच होतं, आत शिरायचं, शटर ओढून घ्यायचं आणि साहेब येईस्तोवर बसायचं. चावी कमरेला होती. कुलूप काढलं, शटर गुडघ्याएवढं वर केलं, सरपटत आत गेले, आणि आतून ते खाली ओढलं. डाव्या हाताची बोटं खालच्या पट्टीखाली होती. बाहेरून लवूने दोन्ही पायांनी त्या पट्टीवर उडी मारली.

मी ओरडले का नाही, आठवत नाही. ओरडले असेन. गावात ऐकणारं कोण होतं? हाड मोडतं तेव्हा आवाज होतो, तो मात्र अजून कानात आहे. त्याने शटर वर केलं तेव्हा माझा हात सुटला आणि मी मागे कोलमडले, बायकांच्या बी फोडायच्या यंत्रांमध्ये. तो पहार घेऊन आत आला.

"तुका सांगलंय, जा म्हणान," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता. मारणाऱ्याचाही होतो तसा कधी कधी. त्याने पहार उचलली आणि हाणली. ती माझ्या खांद्याला चाटून यंत्रावर बसली, यंत्राचं पातं तुटून उडालं. दुसरी डोक्यात बसली असती.

यंत्राखाली डबा असतो. बी फोडताना टरफलातून काळं तेल निघतं ते त्यात गळतं. कातडीला लागलं तर भाजतं, लगेच नाही, तासा-दोन तासांनी फोड येतात, आठवड्याने साल निघते. डोळ्यात गेलं तर मात्र तिथल्या तिथे आग. आमच्या बायका राख आणि खोबरेल लावल्याशिवाय बीला हात लावत नाहीत. मी उजव्या हाताने तो डबा उचलला आणि त्याच्या तोंडावर फेकला.

त्याने हात आडवे घेतले म्हणून तोंड वाचलं. हात कोपरापर्यंत काळे झाले, थेंब डाव्या डोळ्यात गेला. पहार टाकून तो डोळा धरून नाचायला लागला. मी तीच पहार उचलली. देवाची शपथ, मी ती उचलली ती त्याला मारायलाच. पाठीत एक हाणली. मग दुसरी हाणायच्या आधी रस्त्यावर गाडीचा आवाज आला.

मी त्याला मागून ढकलत गोदामात घातलं, बीच्या पोत्यांवर पाडलं, दार ओढलं आणि कुलूप लावलं. "ओरडलंस तर गावाक कळतला तू आत होतंस," एवढंच दाराला तोंड लावून म्हटलं. आत शांत झालं.

बाहेर येऊन शिडी लावली, काथ्याने बोर्ड बांधला. एका हाताने. तिरका राहिला तो राहिला. डावा हात पदरात गुंडाळला आणि दारात उभी राहिले, आणि तेव्हा गाडी थांबली.

साहेब तरणा होता, घाटावरचा, बोलायला सभ्य. उतरल्याबरोबर त्याने चहूकडे बघितलं. "ताई, हे काय? सबंध गावात माणूस दिसला नाही. कोंबडंसुद्धा नाही."

"गावपळण आहे साहेब. देवासाठी तीन दिवस गाव खाली करतात. म्हणून कारखानाही बंद आहे."

"मग तुम्ही कशा काय इथे?"

मी बोर्डावरच्या नंबराकडे बोट केलं. त्याने ताणलं नाही. "फॉर्ममध्ये गावपळणीला रकाना नाही," तो म्हणाला. "मी जे दिसतं ते लिहिणार. बोर्डाखाली उभ्या राहा." मोबाईलवर फोटो काढला, त्यावर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश सगळं आपोआप उमटलं. "तुमच्या कपाळाला रक्त आहे."

"शिडीवरून पडले."

आत आला, बंद यंत्रांचा फोटो काढला. जमिनीवरच्या तेलात पाय पडू नये म्हणून मी त्याला कडेने नेलं. मग तो गोदामापाशी थांबला. "हे उघडा. माल दाखवा. कामगार नसले तरी चालेल, वीज नसली तरी चालेल. माल दिसला की मी लिहितो, व्यवसाय चालू आहे. एवढं पुरे."

एवढं पुरे! ऐंशी पोती बी होती आत. आणि त्यांच्यावर माझा दीर, डोळा धरून.

"चावी कामवालीकडे आहे," मी म्हटलं. "ती शिवेपलीकडे आहे." चावी माझ्या कमरेला, पदराखाली होती.

आतून काहीतरी धप्प झालं. साहेबाने माझ्याकडे बघितलं. "आत कोण आहे?"

"घूस असेल."

त्याने कुलपाचा फोटो काढला. जाताना म्हणाला, "डॉक्टरला हात दाखवा." पदरातून रक्त गळत होतं ते त्याला दिसलं होतं.

गाडी गेली तसं मी दार उघडलं. लवू एका डोळ्याने बघत बाहेर आला. मी त्याला पाणी दिलं, डोळा धुवायला. का दिलं ते विचारू नका. तो म्हणाला, "आता?"

"आता गप रव. तू बोललंस तर मी बोलतलंय."

दुसऱ्या दिवशी देवाने परतायचा कौल दिला, आणि तोवर लवूचे हात मनगटापासून कोपरापर्यंत फोडांनी भरले होते. झोपडीत एकच हलकल्लोळ झाला. "देवचारान धरल्यान! लवूक देवचारान धरल्यान!" लवूने सांगितलं की काळोखात परसाकडेला गेला आणि चुकून शिवेचा दगड ओलांडला. लगेच सहदेवकाकांनी नारळ फोडला, उतारा काढला, बायकांनी त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या. बोल लावायचं राहिलं बाजूला, लोक त्याच्याकडे आदराने बघायला लागले. देवचाराने धरून सोडलेला माणूस! मी माझी बोटं खडकावर ठेचली म्हणून सांगितलं, त्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

एक सोडून. काशीबाई आमच्यातली सगळ्यात जुनी फोडणारी. पंचवीस वर्षं बी फोडून तिच्या बोटांवर काळे चट्टे कायमचे बसलेत. कारखाना उघडला त्या दिवशी तिने तुटलेलं पातं बघितलं, रिकामा डबा बघितला, जमिनीवरचा पुसलेला डाग पायाने चाचपला. मग माझ्या बांधलेल्या बोटांकडे बघून हळूच म्हणाली, "बाय, देवचार काजी फोडूक केवापासून लागलो?"

मी तोंड फिरवलं. ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

आठ दिवसांनी पोर्टलवर नोटीस आली. अनुजाने वाचून दाखवली. 'घोषित ठिकाणाहून व्यवसाय केला जात असल्याचे आढळून आले नाही.' नोंदणी निलंबित. सात दिवसांत उत्तर द्या, नाहीतर रद्द. मी फोन कानाला धरून हसायलाच लागले. बोर्ड वाचवला, माणूस मरेस्तोवर मारला, हात गमावला, देवाची पळण मोडली, आणि नंबर गेला तो मी स्वतः लावलेल्या कुलपापायी.

"ताई, एक मार्ग आहे," अनुजा म्हणाली. "त्या दिवशी गाव प्रथेप्रमाणे बंद होता असं देवस्थानाचं पत्र द्या. सोबत खरेदीची बिलं आणि गोदामातल्या मालाचे फोटो. मान्य होईल. पण पत्रात नीट लिहून घ्या. अहवालात 'मालक हजर' आहे आणि तुमचा फोटो आहे. पत्र आणि फोटो यांचा मेळ बसला नाही, तर ते पत्रच बोगस म्हणतील."

तीन दिवस मी जेवले नाही. बायका येत होत्या, रिकाम्या बसत होत्या, बिल निघत नाही म्हणून गाडी येत नव्हती. चौथ्या दिवशी देवळात बैठक होती. मी गेले.

सहदेवकाकांनी पत्राची गोष्ट ऐकली आणि खूशच झाले. सरकार देवाची प्रथा कागदावर मागतंय म्हणजे केवढा मान! शाळेच्या मास्तरांना समोर बसवून त्यांनी स्वतः मजकूर सांगितला. "लिवा. सदर तीन दिवस खाजणे गावात एकही मनुष्य हजर नव्हतो..."

लवू खांबाला टेकून उभा होता. हातांवर खपल्या धरल्या होत्या. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओठ दाबून हसला. त्याला नोटीस कळली होती. आता मी तोंड उघडलं तर गाव मला फाडणार, आणि मिटलं तर नंबर जाणार. दोन्हीकडून त्याचंच.

"काका, थांबा," मी म्हटलं. "ता खोटा आसा. एक माणूस गावात होता. मी होतंय." आणि पदरातून फोटोची छापील प्रत काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. तिरका बोर्ड, त्याखाली मी, कपाळाला रक्त, खाली तारीख आणि वेळ.

सगळे फोटोवर वाकले. मग लवूच पहिला ओरडला. "पळण मोडल्यान! गाव बुडवल्यान ह्या रांडेन!" त्याने माझे केस धरले आणि मला ओढत अंगणात आणून दीपमाळेच्या चौथऱ्यावर आपटलं. मागून कोणीतरी लाथ घातली. माझ्या शेजारणीने, जिच्या पोरीच्या लग्नात मी तीन दिवस भाकऱ्या भाजल्या, तिने येऊन मला दोन्ही गालांवर मारलं. एक नारळाची करवंटी भिरभिरत आली आणि भुवई फुटली. डोळ्यात रक्त गेलं. लवूने माझी बांधलेली बोटं बघितली आणि त्यावर पाय ठेवला. मुद्दाम ठेवला. मी गुरासारखी ओरडले.

"सोड तिका!"

काशीबाई होती. पंचाहत्तर वर्षांची, वाळलेली, पण आवाज खणखणीत. तिने लवूचा हात मनगटाला धरला, वर उचलला आणि शेजारी आपला हात धरला. "बघा रे! सगळे येवन बघा! ह्यो देवचाराचो हात नाय. ह्यो काजयेचो डाग. माझ्या हातार आसा तोच. पंचवीस वर्षां मी ह्यो डाग वळाखतंय. ह्येच्या अंगार आमच्या कारखान्यातला तेल पडलेला आसा. पळणीत! तर ह्यो थंय काय करी होतो, ता विचारा!"

लवूने हात हिसडून तिला ढकललं. म्हातारी चौथऱ्यावर आदळली. आणि मग माझ्या पंधरा बायका उठल्या. आजवर देवळात ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही त्या. कोणी झाडू घेतला, कोणी चपला, कोणी नुसती नखं. लवू खाली पडला, त्यांनी त्याला पडू दिलं आणि वर बसल्या. खपल्या निघाल्या, हात रक्ताने भरले. त्याची बायको मध्ये पडली नसती तर काय झालं असतं ते देव जाणे.

"बस!" सहदेवकाका गरजले. "लवू, देवाच्या दारात विचारतंय. होतंस?"

लवू धुळीत बसून रडत होता. मान खाली घालून म्हणाला, "होतंय."

काका मास्तरांकडे वळले. "लिवा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला. "सत्यवती आणि लवू, ही दोन माणसां सोडून."

पत्र झालं. शिक्का बसला. पण काकांनी ते माझ्या हातात दिलं नाही, देवापुढे ठेवलं आणि कौल लावला. पाकळ्या पाषाणाला चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. "ह्या दोघांनी चुकी केल्यानी, गावान नाय केल्यान, गावाक सांभाळ म्हाराजा!" आणि सगळा गाव रडक्या आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!" आम्ही बघत राहिलो. पाकळी पडली, ती डावी, म्हणजे देवाचा नकार.

काकांनी पत्र माझ्याकडे सरकवलं, पण पळण पुरी झाली नव्हती. परत करायची. सगळ्या गावाने, पहिल्यापासून, तीन दिवस, तीन रात्री.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला मारलं त्याचं काही वाटलं नव्हतं, मी तयार होऊन गेले होते. पण खालच्या वाडीतली पोर आठव्या महिन्यात होती. तीन घरांत म्हातारी अंथरुणावर होती. सगळ्यांना माझ्यापायी परत उचलायचं. त्या दिवशी कोणी मारलं नाही, कोणी बोललंही नाही. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी गाव परत निघाला. मी सगळ्यांच्या मागून चालले. माझ्या झोपडीशेजारी कोणी झोपडी बांधली नाही. पाणी भरायला गेले की बायका कळशा उचलून बाजूला होत. त्या सोळाजणीसुद्धा. लवू टेकडीच्या दुसऱ्या टोकाला होता, तोही एकटा.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. अनुजाचा संदेश होता. उत्तर मान्य झालं, कारवाई थांबवली, नोंदणी पूर्ववत. मी तीनदा वाचला. आनंद झाला का? झाला. पण सांगू कोणाला? हात पदरात घेऊन तशीच बसून राहिले.

काशीबाई काठी टेकत आली. पडल्यापासून ती लंगडत होती. माझ्यासमोर बसली आणि तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्यात नेला.

"काय इला?"

"नंबर परत दिल्यानी."

ती खाडीपलीकडे गावाकडे बघत राहिली. मागे जरा अंतरावर बाकीच्या पंधराजणी बसल्या होत्या, भाकरी खायची थांबून इकडे कान लावून. मग काशीबाईने माझ्या पदरात हात घातला, माझा मोडका हात बाहेर ओढला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"ही बोटां कित्याक लपयतंस? आता फोटो काढूक कोण येवचो नाय," ती म्हणाली. "आणि सांग, सोमवारी आमी कितक्या वाजता येव?"

मी आठ म्हटलं. आणि तिथेच, सगळ्या गावादेखत, गळा काढून रडले.